बानाचोलाचं मत

खाणीचे नवे मालक आले आणि त्यांनी पहिल्या वर्षीच सांगून टाकलं, की आम्ही तांबं काढायला आलोय, फुटबॉल खेळायला नाही. तेव्हापासून मुतोंडो युनायटेड हा क्लब आम्ही समर्थकच चालवतो. वर्गणी आमची, बस आमची, मैदानावरचं गवत कापायचं तर तेही आम्हीच. म्हणूनच कोच कोण असावा यावर आमच्या गावात जितकं भांडण होतं, तितकं आमदारकीवरही होत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात आमचा कोच गेला. गेला म्हणजे आम्हीच घालवला, आणि घालवायची आमची एक रीत होती. संघ सारखा हरायला लागला की आमच्या स्टँडमधून एक गाणं उठायचं: "गाठोडं बांध पाहुण्या, गाडी उभी आहे." एकदा ते सगळ्या मैदानाने उचललं की कोच आठवड्याभरात गावाबाहेर. हे गाणं सुरू करायचा मान बानाचोलाचा. बाजारात सुकी मासळी विकणारी बाई, पण आवाज असा की समोरच्या गोलपोस्टमागे बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळायचा. मी तिच्या बाजूला ढोल वाजवतो. एरवी मी वेल्डिंग करतो, पण गावात मला कोणी वेल्डर म्हणत नाही, 'बानाचोलाचा ढोलवाला कापेंब्वा' म्हणतात.

आमच्याकडे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात. चोलाची आई ती बानाचोला. आणि हा चोला म्हणजे आमचा डावा बचावपटू, अकरा मोसम आमच्यासाठी खेळलेला. आदल्या वर्षी गुडघा गेला आणि त्याचं खेळणं संपलं. कोच गेल्यावर दुसरं कोणी नव्हतं म्हणून सराव तोच घेत होता. पोरं त्याचं ऐकत होती. मग कोणीतरी म्हणालं, हाच कोच का नको?

सभा खाणीच्या जुन्या हॉलमध्ये भरली. समोर दोन नावं होती. एक एन्डोला शहराचा नावाजलेला कोच, दोन चषक जिंकलेला. दुसरा चोला, ज्याने आजवर शाळेच्या संघालासुद्धा कोचिंग दिलेलं नव्हतं.

पहिले उठले बा कासोंदे. खाणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांच्या बाकाचे पुढारी. त्यांनी आधी टोपी काढली, मग घसा साफ केला.

"चोला आपला पोरगा आहे," ते म्हणाले. "जीव तोडून खेळला. मान्य. पण लग्नात जो चांगला नाचतो त्यालाच आपण पाद्री करतो का? संघ खालून तिसरा आहे. आत्ता शिकाऊ माणूस नको, शिकलेला हवा."

"बा कासोंदे, तुमच्या शिकलेल्या माणसाला सात क्लबांनी काढलंय," मागून न्कांदू म्हणाली. बसस्टँडजवळ तिचं मोबाईलवरून पैसे पाठवायचं खोकं आहे, आणि तिच्याशी वाद घालायला माणसं जरा बिचकतातच. "आठवा अनुभव घ्यायला तो आपल्याकडे येतोय."

"पोरी, सात जणांनी नोकरी दिली म्हणजे त्याच्यात काहीतरी असेल ना?"

"सात जणांनी हाकलला म्हणजेही काहीतरी असेलच की."

हॉल हसला. बा कासोंदेंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्यांना राग आला की ते असंच करतात. मग बराच वेळ हमरीतुमरी चालली. कोणी म्हणे, चोलाला या गावाचा घाम ठाऊक आहे. कोणी म्हणे, घामाने गोल होत नाहीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, की परवाच ज्यांच्याबरोबर बिअर प्यायला त्यांना तो संघाबाहेर कसा काढणार?

शेवटी सगळ्यांच्या माना बानाचोलाकडे वळल्या. ती पुढच्या बाकावर शाल पांघरून बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, "बानाचोला, तुमचं मत?"

"माझं मत नाही."

"असं कसं? तुम्ही सभासद आहात. मत तर द्यायलाच हवं."

"दिलं की. 'नाही' हेच माझं मत. चोला नको."

चोला दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. तो हलला नाही, पण त्याने हाताची घडी सोडली.

"का, ते सांगाल का?" अध्यक्षांनी जरा अवघडून विचारलं.

ती उठली. "कारण मी तुम्हाला ओळखते. आज डोक्यावर घ्याल, तीन सामने हरला की पायाखाली. आणि मी स्वतःलाही ओळखते. गाणं मी सुरू करते. आजवर किती जणांना घालवलं, त्यांच्याही आया कुठेतरी असतीलच. हा काही शिकलेला नाही अजून. दोन वर्षं कोणाच्या हाताखाली काम करू दे, मग आणा."

"आई," दाराशी उभा असलेला चोला म्हणाला, "तुला काळजी कोणाची वाटते? माझी की क्लबची?"

"दोघांची. आधी क्लबची."

लोक पुन्हा हसले, पण चोला हसला नाही. तो पुढे आला. "मला शिकायला कोणी हाताखाली घेत नाहीये. मला इथली पोरं ठाऊक आहेत, कोण घाबरला की बॉल मागे देतो, कोण चिडला की चांगला खेळतो. ज्यांच्याबरोबर बिअर प्यायलो त्यातल्या दोघांना मी कालच्या सरावातच बाहेर बसवलंय, विचारा त्यांना. मला नाताळपर्यंत द्या. आणि आई, संघ वाईट खेळला तर तू गाणं सुरू कर. दुसऱ्या कोणी केलं तर मला वाईट वाटेल. तू केलंस तर मी ऐकेन."

हात वर झाले आणि मोजणाऱ्याने दोनदा मोजले. थोडक्या मतांनी चोला निवडून आला. विरोधातल्या हातांमध्ये बानाचोलाचा हात सगळ्यात उंच होता, आणि मोजून होईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

पहिला सामना काब्वेला होता, तो आम्ही एका गोलने हरलो. दुसरा बरोबरीत सुटला, पण असा कंटाळवाणा की भजी विकणाऱ्या बायकांकडेच जास्त लोक बघत होते. तिसरा आमच्याच मैदानावर, चिंगोलाच्या संघाशी. आमची अकराही माणसं आपल्याच गोलसमोर उभी. बॉल आला की लांब मारायचा, परत आला की परत लांब मारायचा. दोन गोल खाल्ले. तिसरा खांबाला लागला म्हणून वाचलो.

शिट्टी वाजली तेव्हा म्हाताऱ्यांच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बानाचोला, आज घसा बसला का?"

ती उभी राहिली. मला वाटलं, त्या माणसाला चार शब्द सुनावणार. तिने शाल सारखी केली आणि गाणं सुरू केलं.

माझे हात ढोलावर नुसतेच पडून राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. "वाजव."

मी वाजवला. पण मैदानाने गाणं उचललं नाही. आई गात असताना मध्ये तोंड घालायची कोणाची छाती होती? ज्याने टोमणा मारला होता तोसुद्धा खाली बघत बसला. ती एकटीच गात होती, पूर्ण गाणं, एकही कडवं न गाळता. चोला आमच्या स्टँडसमोर आला, हात मागे बांधून उभा राहिला आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग मान तुकवली आणि आत गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण माझ्याच होतं.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर मी बानाचोलाकडे तिच्या कोळशाच्या शेगडीचा तुटलेला पाय जोडून द्यायला गेलो होतो. तेवढ्यात चोला आला. तिने हात धुवायला पाणी दिलं, मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा आणि सुकटीचं कालवण वाढलं. मलाही बसवलं.

हात धुतल्यावर ती म्हणाली, "काल ती कोणाची टीम होती?"

"माझीच."

"तुझी नव्हती. तू खेळायचास तेव्हा पुढे पळत सुटायचास. मागे एवढी जागा मोकळी, की मी डोळे मिटून घ्यायचे. पण मैदानावर यायचे ते तेच बघायला. काल तर सगळे दाराला कडी लावून बसल्यासारखे खेळत होते. कोणाला घाबरलास?"

चोलाने आपला दुखरा गुडघा चोळला. "हरलो तर काढतील, याला घाबरलो."

"मग काढणारच. घाबरून हरलास काय नि न घाबरता हरलास काय, काढायचे तेव्हा काढतील."

"पुढच्या वेळी हरलो तर पुन्हा गाशील?"

"वाईट खेळलात तर गाईन. हरलात म्हणून आजवर कधी गायले नाही. थोडी न्शिमा उरलीय, घे."

त्याने घेतली.

पुढचा सामना किटवेला, मोसमात अजून एकदाही न हरलेल्या संघाशी. बसमध्ये बा कासोंदे माझ्या पुढच्या सीटवर होते. "बघायला चाललोय," ते म्हणाले, "आशा घरी ठेवून आलोय." पण सामना सुरू झाला आणि आमचे दोन्ही बाजूचे बचावपटू पुढे धावत सुटले, तेव्हा बा कासोंदे बाकावरून उठले ते शेवटपर्यंत बसलेच नाहीत. आम्ही गोल केला, त्यांनी दोन केले. आम्ही बरोबरी केली. चोला रेषेवर उभा राहून पोरांना मागे नाही, पुढे बोलावत होता. अगदी शेवटी, आमचे सगळे त्यांच्या अर्ध्या मैदानात असताना, त्यांचा एक पोरगा एकटाच बॉल घेऊन पळाला आणि आम्ही तीन-दोनने हरलो.

किटवेचे लोक जिंकून घरी गेले. आम्ही गेलो नाही. बानाचोलाने आमच्या खाणकामगारांचं जुनं गाणं धरलं, पाळी संपवून वर येताना म्हणायचे ते, आणि या वेळी सगळ्यांनी उचललं. खेळाडू कपडे बदलायला गेले होते ते तसेच अर्धवट कपड्यांत बाहेर आले. मैदानाचा रखवालदार दिवे बंद करायला आला, तो थांबला आणि कठड्याला टेकून ऐकत राहिला. हरून इतकी ताठ मान घेऊन मी आयुष्यात कधी घरी आलो नव्हतो.

त्यानंतर आम्ही जिंकायला लागलो. प्रत्येक सामना नाही, पण पुरेसे. नाताळच्या सभेत चोलाला मोसमभर ठेवायचा ठराव आला, तेव्हा तो बा कासोंदेंनीच मांडला आणि वर म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो." न्कांदू त्यांना इतका वेळ हसत राहिली की अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं. मोसम संपला तेव्हा आम्ही सहावे होतो. एन्डोलाचा तो नावाजलेला कोच ज्या क्लबात गेला होता, तिथून ईस्टरच्या आधीच बाहेर पडला होता. हे आम्ही रोज एकमेकांना सांगत असू, कोणी विचारो न विचारो.

जूनमध्ये राजधानी लुसाकाच्या एका मोठ्या क्लबने चोलाला बोलावणं धाडलं. घर, गाडी, सगळं. तो आईकडे गेला. तिने सुकटीतले खडे वेचता वेचता सांगितलं, "कोच ठेवायचा की नाही हे क्लब ठरवतो. जायचं की नाही हे तू ठरव. मला कशाला विचारतोस?" चार दिवसांनी तो क्लबच्या समितीपुढे आला आणि म्हणाला, की अजून पोरांना पुढे पळताना मागची जागा झाकायला शिकवतोय, ते अर्धवट सोडून जाणार नाही.

आता त्याचा तिसरा मोसम चाललाय. बाहेरगावच्या सामन्याला आता आमच्या दोन बस जातात. बा कासोंदे रोज सकाळी घरून खुर्ची घेऊन सरावाला येतात, रेषेजवळ मांडतात आणि चोलाला सल्ले देतात. चोला मान डोलावतो, "हो बा, बघतो," म्हणतो, आणि त्यातला निम्मा सल्ला खरोखर ऐकतो.