चांदीचं कोकरू

ओळखलंत का मला, मित्रांनो? कळंबच्या सिंधुबाईंची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी मेंढी, चांदी, ती मीच!

जन्मल्या जन्मल्या आईनं मला चाटलं आणि माझा वास मनात भरून घेतला. एवढ्या कोकरांत ती मला बरोबर हुडकायची. पुढं मीही तशीच आई झाले. संध्याकाळी कोकरांच्या कोंडाची जाळी उघडली की कोकरं धावत सुटायची. मी शेपटीशी हुंगायचे. माझं असेल तर दूध, दुसऱ्याचं असेल तर लाथ!

"लई आपमतलबी हाय ही," सिंधुबाई हसायच्या.

यंदा पाऊस सरला आणि माश्या नाकाशी घोंघावू लागल्या. मग शिंका, शेंबूड. एक नाकपुडी तर पार बंद!

"आज्जे, चांदीला बी माझ्यावानी सर्दी झालीया!" नात छकुली खिदळली.

"जाईल आपसूक," सिंधुबाई म्हणाल्या.

सर्दी गेली नाही, वास मात्र गेला. उसाचं हिरवंगार वाढं वाळल्या काडीसारखं लागू लागलं. शेजारच्या रानात पाचट पेटलं, सगळा कळप उधळला, मी आपली रवंथ करत उभी! आणि संध्याकाळी तीन कोकरं एकदम कासेला झोंबली. हुंगलं, काहीच नाही. यातलं माझं कोणतं? लाथ मारावी, तर ते माझंच निघालं तर? मी सगळ्यांनाच पिऊ दिलं. रोजच.

"बघा, समद्यांची आई झालीया!" म्हणत छकुलीच्या आजोबांनी, मानसिंगआबांनी, माझ्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. आलेगेलेही कौतुक करायचे. मला मात्र रडू यायचं. माझं कोकरू अशक्त, धटिंगणांच्या मागं ढकललं जायचं, हे मला नंतर कळलं.

एका सकाळी ते उठलंच नाही.

"आज्जे, हिचंच कोकरू उपाशी हाय गं!" छकुली ओरडली.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझं नाक तपासलं. "माशीनं नाकात अळ्या सोडल्यात. हिला वासच येत नसणार. शिंका सुरू झाल्या तेव्हाच आणायची ना!"

"आमी तर मायाळू म्हणून भंडारा लावला वो," सिंधुबाई माझं कपाळ पुसत म्हणाल्या.

औषधानं मी बरी झाले. पहिला वास कशाचा आला सांगू? छकुलीच्या चपलेला लागलेल्या शेणाचा! इतका गोड वाटला!

मग माझं कोकरू जवळ आलं. छकुलीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाचवलं होतं. त्याच्या अंगाला तिच्या हातांचा वास होता, आणि त्याखाली, अगदी आत, माझा. मी बें करून हाक मारली. त्यानं एकदा पाहिलं आणि ते बाटलीमागं पळालं.

मित्रांनो, घरात कुणी सारखं शिंकत असेल, आवडीचं ताट सरकवत असेल, करपलेलं त्याला कळत नसेल, तर हसू नका. "वास येतोय ना?" एवढं विचारा आणि वेळेत दवाखाना गाठा.

मी आता पुन्हा लाथा मारते. संध्याकाळी जाळी उघडली की कासेशी एक जागा राखून उभी राहते. ती माझ्या कोकराची आहे.