चेंडूचा विसावा

आत्याच्या प्रत्येक कागदी चेंडूला एक खिडकी असते. जुन्या शुभेच्छापत्रांतून एकाच मापाचे गोल कापायचे, प्रत्येकाच्या तीन कडा बाहेर दुमडून मध्ये त्रिकोण करायचा आणि दुमडलेल्या कडा शेजारच्या गोलाच्या कडांना चिकटवत जायचं. वीस गोल जोडले की चेंडू मिटतो. आत्याचे चेंडू एकोणिसावर थांबतात. विसाव्याच्या जागी त्रिकोणी भोक राहतं.

आत्या दवाखान्यात औषधं देते. वर्ष संपत आलं की तिथल्या बाकांच्या वर हे चेंडू टांगते, खिडकी भिंतीकडे करून. पण टांगलेला चेंडू एका जागी थोडाच राहतो? दार उघडलं की सगळे फिरतात आणि खिडक्या समोर येतात.

"वन्सं, विसावा कधी लावणार?" आई दर वर्षी विचारते.

"बघू. विसावाच तो, घेऊ दे की विसावा."

आमच्या घरात आईचं 'बघू' म्हणजे नाही आणि बाबांचं 'बघू' म्हणजे विसरलो. आत्याच्या 'बघू'चा अर्थ मात्र कुणालाच लागला नव्हता. सगळ्यात जास्त प्रयत्न बाइंडरकाकांनी केले होते. कोपऱ्यावर त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आत्याला लग्नाचं विचारलं आणि उत्तरादाखल 'बघू' घेऊन परत गेले. तेव्हापासून ते निमित्तं काढून येतात. कधी पुठ्ठा आणतात, कधी धार लावलेली कात्री.

या रविवारी ते वाटीभर खळ घेऊन आले. आई बाहेर कपडे वाळत घालत होती. मी गोल दुमडत होते आणि आत्या चिकटवत होती. काकांनी एक तयार चेंडू उचलून चष्म्याजवळ धरला. पत्रं कापताना मजकूरही कापला जातो, मग कुठलं वाक्य कुणाच्या शेजारी बसेल ते सांगता येत नाही.

"'लवकर बरे व्हा'," काकांनी वाचलं, "आणि लगेच 'नवदांपत्यास'. हा आजारी नवरदेवाचा का?"

"लग्नाआधी आजारी की लग्नानंतर?" खिडकीबाहेरून आईने विचारलं.

"ते नवरीवर अवलंबून."

आत्या हसली नाही, पण तिचा ब्रश थांबला. काकांनी चेंडू खाली ठेवला.

"दुकान हलवतोय," ते म्हणाले. "पलीकडच्या रस्त्याला जागा मिळाली आहे. वर राहायची सोय आहे. मालक विचारतोय, एक खोली हवी की दोन. संध्याकाळी सांगायचंय."

"मग सांगा की."

"एकट्याला एक पुरते."

मला उठून जावंसं वाटलं, पण मांडीवर दुमडलेल्या गोलांचा ढीग होता.

"वहिनीला एकटीला हे घर झेपायचं नाही," आत्या खाली बघत म्हणाली.

"मला घर झेपतं!" आई ओला टॉवेल घेऊन दारात आली. "झेपत नाहीत ते तुमचे चेंडू. माझे सगळे चिमटे यांच्या कडांना. काल ह्यांचा सदरा उडून शेजाऱ्यांच्या टाकीवर बसला होता." तिने मेजावरचे चिमटे गोळा केले आणि निघून गेली. बाहेर तिने एक चिमटा जरा जोरातच लावला.

"एक मात्र कळलं नाही," काका म्हणाले. "विसावा का राहतो?"

"साधं आहे. बाकीच्या कडा एकेक करून चिकटवता येतात. शेवटच्या गोलाच्या तीनही एकदम दाबून धराव्या लागतात. माझे हात दोन."

"एवढंच? शेवटच्या तीन कडांना चिमटे उरत नाहीत म्हणून इतकी वर्षं दवाखान्याला खिडक्या?"

"दुसरं कोण धरणार?"

काकांनी बाह्या वर केल्या. आत्याने विसावा गोल उचलला, तिन्ही कडांना खळ लावली आणि तो भोकावर बसवला. दोन कडा तिने चिमटीत धरल्या, तिसरी काकांनी. चौथा हात रिकामा होता. काकांनी तो आधी खिशात घातला, मग काढून चेंडूखाली धरला.

"किती वेळ?" आत्याने विचारलं.

"घरची खळ आहे, सावकाश वाळते. हात काढलात तर सुटेल."

"मुद्दाम पातळ केलीत?"

"थोडी."

दोघं मेजाशी उभे, मधे चेंडू. आत्याचं नाक खाजत असावं. तिने ते आधी खांद्याला घासून पाहिलं, मग नाद सोडला. मी सगळ्यात जवळ होते, तरी मला कुणी नाक खाजवायला सांगितलं नाही. बाहेर आईचे चिमटे वाजायचे थांबले होते, म्हणजे ती ऐकत होती.

"सोडू का?" बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं.

आत्याने वाकून तिसरी कड पाहिली. मग दुसरी. मग पुन्हा तिसरी.

"थांबा," ती म्हणाली. "मालकाला दोन खोल्या सांगा. आणि येताना चिमटे आणा, आपले वेगळे. वहिनीचे वहिनीला राहू देत."