बिननावाच्या रांगा

“मावशी, तो रुमाल पिशवीत ठेवा. खाली कशालाच हात लावायचा नाही,” तळघराच्या दारावरचा रखवालदार पास्क्वाले म्हणाला.

“चाळीस वर्षं तुमच्या महालाला हात लावला, तेव्हा नाही कुणी अडवलं!” नुन्झिया फणकारली.

खरंच होतं ते. नेपल्समधल्या ड्यूकच्या महालाची फरशी तिने गुडघ्यांवर बसून पुसली होती. आज पहिल्यांदाच ती तिकीट काढून, पर्यटकांच्या घोळक्यातून, त्याच फरशीवरून ताठ मानेने चालत आली. सोनेरी छतांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. उद्या तळघराला काच बसणार होती, मग आत जाता येणार नव्हतं.

खाली प्लेगात मेलेल्या बिननावाच्या माणसांच्या कवट्या होत्या. त्यातली एक दत्तक घ्यायची, पुसायची, तिच्यासाठी दिवा लावायचा, ही इथल्या बायकांची जुनी रीत. पाद्र्यांनी कितीदा डोळे वटारले, पण बायका ऐकतात थोड्याच! नुन्झियाचा मुलगा आन्येल्लो सत्तावीस वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो परतलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. तेव्हा तिने खांबाजवळच्या कोनाड्यातली एक कवटी निवडली. आपण कुणाच्या लेकराचं बघितलं, तर कुणीतरी आपल्या लेकराचं बघेल, एवढीच तिची आशा.

भिंत धरधरून ती छप्पन्न पायऱ्या उतरली, मागोमाग पास्क्वालेही. कोनाडा रिकामा होता. सगळ्या कवट्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या, एकसारख्या.

“माझी कुठाय रे?”

“सगळ्या एकत्रच धुतल्या, मावशी. आता कुठली कुणाची, कसं सांगू?”

ती पायरीवर बसली. सत्तावीस वर्षांत इथे ती कधी रडली नव्हती, आज रडली. मग नाक पुसून उठली.

“सगळ्या पुसते.”

“तीनशेच्या वर आहेत! आणि धुतलेल्याच आहेत की.”

“धुतल्या असतील. पुसल्या कुणी?”

ती पहिल्या फळीला भिडली. प्रत्येक कवटी पुसताना हळूच म्हणायची, “आन्येल्लो.” पास्क्वाले थोडा वेळ घुटमळला, मग वर गेला. त्याचा आवाज खाली आला, “खाली काम चालू आहे. आज बंद!”

पाचाचे, महाल बंद व्हायचे टोले पडून गेले. दिवे कुणी मालवले नाहीत.

शेवटची कवटी पुसून झाली तेव्हा नुन्झियाला हात खांद्यातून उचलवत नव्हता. रुमाल पांढराच होता. तिने त्याची घडी केली, कवटीखाली उशीसारखी सरकवली, आणि भिंत धरून पायऱ्या चढायला लागली.