नत्थुजीच्या घरची खिरापत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बाईनं झोक्यावर बसावं, पुरणपोळी हाणावी आणि भावाच्या पोरांचे नको तितके लाड करावेत. जमुना पातूरला भावाच्या घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी आडवी झाली. नाक गळू लागलं, डोळे वाहू लागले, पोटात मुरडा आला, आणि पाय तर असे ओढून यायचे की ती भिंतीवर टाचा आपटायची. भाऊ देवीदास घाबरला. मळ्यातलं पाणी तसंच सोडून तो वैद्याला आणायला निघाला, तर त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, त्याला दारातच अडवलं. ती नणंदेपाशी बसली, तिची पापणी वर करून पाहिली आणि म्हणाली,

"बाई, तुमी अफीम कवापासून खाता?"

"थोबाड फोडीन," जमुना म्हणाली.

"मंग फोडा. माहा बाप अफीमच खात होता, मले हे शिकवा लागत नाई."

"मी वैदाची गोळी खातो. खांद्यासाठी. आमचा मुकादम देते."

"काळी? कडू? अन् खाल्ली का सारं जग गोड?"

जमुनानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढंच उत्तर आशाबाईला पुरलं.

त्या वर्षांत सातासमुद्रापार कुठंतरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या. अमरावती काय, अकोला काय, जिकडे पाहावं तिकडे कापसाच्या गाड्या. पण कापूस पिकला म्हणजे काम संपत नाही. त्यातली सरकी काढायला लाकडी रेचा फिरवावा लागतो, आणि तो बायकाच फिरवायच्या. एका हातानं दांडा, दुसऱ्या हातानं कापूस, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. जमुना चाळिशीची विधवा, अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठी एका खोलीत राहणारी. एका शेठच्या आवारात तिच्याइतका भरभर रेचा कोणी फिरवत नसे. तिसऱ्या हंगामात तिच्या उजव्या खांद्यानं दगा दिला. तेव्हा तिथला मुकादम नत्थुजी ज्वारीच्या पिठात लोळवलेली एक गोळी घेऊन आला. "घे बाई, वैदाची हाये," म्हणाला. घटकाभरात दुखणं असं गेलं की जमुनानं त्या माणसाला मनोमन हात जोडले. पुढं ती गोळी रोजची झाली, आणि तिच्यासारख्या वीस बायकांची झाली.

आता पातूरला घोंगडीवर लोळताना तिला कळलं की आपण हात कोणाला जोडले होते.

चौथ्या दिवशी ती उठली आणि कोणाचं न ऐकता अकोल्याला परत गेली. हंगाम संपत आला होता, रेचे बंद होणार होते, पण नत्थुजीची ओसरी बंद नव्हती. रोज सकाळी बायका तिथं जायच्या आणि तो प्रत्येकीच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायचा, फुकट. शहरातला प्रत्येक अडत्या दुसऱ्याच्या आवारातल्या बायका फोडत होता. नत्थुजीची मात्र एकही फुटत नव्हती, म्हणून शेठ त्याची पाठ थोपटायचा. जमुना ओसरीपुढं उभी राहिली आणि म्हणाली,

"नत्थुजी, दिवाळीनंतर मी येनार नाई. दुसरीकडं जातो."

त्याला राग आला नाही. तो हसला. "जाय की. चार दिसानं फरफटत येशील," असं म्हणून त्यानं गोळी पुढं केली.

जमुनानं हात पुढं केला. तो हात तिचाच होता, आणि हेच तिला सोसवेना. त्या हसण्याचा बदला घेतल्याशिवाय मरायचं नाही, असं तिनं घरी जाईपर्यंत ठरवून टाकलं. खोलीत शिरून कडी लावली आणि मग गोळी खाल्ली.

पुढच्या बाजाराला आशाबाई भेंडी-वांग्याची गाडी घेऊन अकोल्यात आली, तेव्हा जमुनानं आपला बेत तिला सांगितला. शेठच्या कापसाच्या गंजीला काडी लावायची आणि नत्थुजीला त्यात ढकलायचं.

"लावा," आशाबाई म्हणाली. "पन मंग तुरुंगात तुमाले गोळी कोन देईन? तिथंबी नत्थुजीलेच निरोप धाडसान."

असं बोलणारं माणूस रागाच्या भरात फार नकोसं वाटतं, पण दुसरं कोणी नव्हतंही.

आशाबाईनं दोन करवंट्या आणि एक काडी घेऊन तराजू बांधला. एका करवंटीत गोळी, दुसरीत सरकी. गोळी सहा सरक्यांच्या वजनाची भरली. दर बाजाराला अर्धी सरकी काढायची आणि उरेल तेवढ्याच तोलाची अफू खायची, बाकीची सुईनं कापून बाजूला ठेवायची. नत्थुजीची गोळी रोज घ्यायची, त्याला संशय येऊ द्यायचा नाही.

"अन् उरलेली मी पातूरले नेईन," आशाबाई म्हणाली. "तुमच्यावर माहा भरोसा नाई. राग मानू नोका."

राग मानायचा नाही तर काय करायचं? पण जमुनापाशी राग पुष्कळ होता आणि त्यातला बराचसा दुसऱ्याच्या वाट्याचा होता. दुपार झाली की अंग मोडून यायचं, जांभयांवर जांभया, घाम. खांद्याचं खरं दुखणं इतके दिवस गोळीखाली दबलेलं होतं, तेही वर आलं. ती एरंडाचं पान तेल लावून शेकायची, खांद्यावर बांधायची आणि नत्थुजीला शिव्या द्यायची. त्याला, त्याच्या बापाला, त्याच्या गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा. कोणी म्हणेल देवाचं नाव घ्यायचं होतं. देवाच्या नावानं तिचे पाय थांबत नव्हते, नत्थुजीच्या नावानं थांबायचे. सहा सरक्यांचं माप चारावर आलं, साडेतीनावर आलं.

श्रावणात सतत झड लागली, ओढ्यांना पूर आला आणि दोन बाजार आशाबाईची गाडी आलीच नाही. कापून ठेवलेले तुकडे जमुनाच्याच खोलीत, गाडग्यात. दुसरा बाजार चुकला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं गाडगं उतरवलं. एक तुकडा खाल्ला, मग तीन, मग मोजले नाहीत. आशाबाई आली तेव्हा गाडग्यात चारच तुकडे होते.

"उंदरानं नेले," जमुना म्हणाली.

"मंग दोन दिस चांगला झोपला असन," आशाबाई म्हणाली. जमुनाला वाटलं, आता ही उठून जाईल, आपण तिच्या जागी असतो तर गेलो असतो. आशाबाईनं देवीदासला निरोप धाडला की पोरांचं तुमचं तुम्ही बघा, आणि दहा दिवस ती त्या एका खोलीत राहिली. एक सरकी वाढवून पुन्हा सुरुवात केली. त्या दहा दिवसांत जमुना तिला नाही नाही ते बोलली. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापल्या.

भादव्याच्या पुनवेपासून पोरींची भुलाबाई बसली. वऱ्हाडात त्या महिन्यात संध्याकाळी पोरी घरोघर भुलाबाईपुढं गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत वाटतात. पण ती अशी सुखासुखी मिळत नाही. डबा झाकलेला असतो, तो वाजवून दाखवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. जमुनाच्या दारावरून पोरी डबा खुळखुळत गेल्या आणि तिचा सगळा बेत एका दमात जागच्या जागी बसला.

तिनं आवारातल्या दोघी-तिघींना अफूचं सांगून पाहिलं होतं. एकीनं कानांवर हात ठेवले, दुसरी म्हणाली, "खांद्याचं दुखनं थांबते न? मंग तुले काय करायचं?" एकट्या-दुकट्या बाईच्या कानात सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या सासवा, जावा, नवरे यांच्यादेखत, नत्थुजीच्या स्वतःच्या अंगणात ते नाव निघायला हवं होतं. कोजागिरीला त्याच्याच घरी त्याच्या मुलीच्या भुलाबाईचा शेवट होता. त्याच संध्याकाळी हंगामाचे रेचे ठरवायला शेठही येणार होता.

"अंगनात पोरी असतीन," आशाबाई पातूर नाक्यावर पितळी डबा देताना म्हणाली. आत साठवलेल्या तुकड्यांच्या तिनं पुन्हा गोळ्या वळल्या होत्या, पीठ लावून, वाळवून.

"डबा माह्या हातून सुटनार नाई."

"मले तुमचंच भेव हाये, बाई."

जमुना तेव्हा अर्ध्या सरकीवर होती. नाक्याहून डबा काखेत धरून ती चालत आली, आणि आतल्या गोळ्यांचा खुळखुळाट सबंध वाटेत तिच्या कानाशी होता. एकदा थांबली. झाकणावर बोटही ठेवलं. मग नत्थुजीचं हसणं आठवलं आणि ती पुढं निघाली.

अंगणात सडा घातला होता, भुलाबाईपुढं पोरी बसल्या होत्या, त्यांच्यामागं गल्लीतल्या बायका. ओसरीवर शेठ लोडाला टेकलेला आणि नत्थुजी पानाचं तबक पुढं करत होता. गाणी संपली. दोन डबे ओळखून झाले, लाह्या आणि फुटाणे. मग जमुना पुढं झाली.

"माहीबी खिरापत वळखा," ती म्हणाली आणि डबा वाजवला.

"शेंगदाने!" "साखरफुटाने!" "बोरं!"

"नाई."

"गोड हाये का व?"

"नाई."

"आंबट?"

"नाई, बयना. कडू हाये."

पोरी खिदळल्या. कडू खिरापत कुठं असते का! जमुना ओसरीकडे वळली. इतके महिने जे तोंडात धरून ठेवलं होतं ते आता बोलायचं होतं आणि तिचा आवाज जराही हलला नाही.

"नत्थुजी, मंग तुमीच वळखा. तुमच्याच घरची हाये."

नत्थुजीनं तबक खाली ठेवलं. "भलत्या वक्ताले भलता खेळ," तो म्हणाला. "चाल, निघ इथून."

"वळख न रे! रोज हातावर ठेवतं, अन् वळखता येत नाई?"

"अफू."

हे नत्थुजी बोलला नव्हता. दाराच्या चौकटीला धरून त्याची बायको पार्बताबाई उभी होती. कंबरेत वाकलेली, अंगणात फारशी कधी न येणारी. सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"अफू हाये," ती पुन्हा म्हणाली. "पिठाच्या गोळ्या. आवाजावरून सांगतो. रोज मीच वळतो."

"घरात हो!" नत्थुजी ओरडला.

ती घरात गेली नाही. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या सासूनं आपल्या सुनेचं मनगट धरलं आणि विचारलं, "तू रोज इथं हेच घ्याले येते?" सून रडू लागली. मग एकदम गलका झाला. आयांनी पोरींना ओढून जवळ घेतलं. शेठला कोण काय म्हणतंय ते कळेना असं त्यानं दाखवलं, पायांत जोडे घातले आणि मागच्या दारानं चालता झाला. नत्थुजीची मान खाली गेली. जमुनानं ती पाहिली, डोळे भरून पाहिली. हेच पाहण्यासाठी ती सहा सरक्यांवरून अर्ध्यावर आली होती.

पण तिला आणखी एक दिसलं. आवारातल्या तीन-चार बायका नत्थुजीकडे पाहतच नव्हत्या. त्या डब्याकडे पाहत होत्या. ती नजर जमुनाला चांगली ठाऊक होती. तिनं डबा काखेत दाबला.

"उद्या सकाळी सगळ्या इथंच येतीन," नत्थुजी दातओठ खाऊन तिच्या अंगावर आला. "कुठी जातीन?"

"येतीन," जमुना म्हणाली. "पन काय मांगाले येऊन राहिल्या, ते आता त्यांच्या घरच्यांले ठाऊक झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच दारावर थाप पडली. उघडलं तर पार्बताबाई. हातात गाठोडं, नाकातून पाणी, अंगाला कापरं. मोर्णा ओलांडून ती वाकलेली बाई एकटी चालत आली होती.

जमुना दारातून हलली नाही. "दोन वर्सं तू वळल्या. वीस बायांच्या. माह्या बी."

"हो."

"काहून?"

"पोरीच्या बाळंतपनात कंबर गेली. तवापासून तो मलेबी देते. वळल्या नाई त माही बंद."

जमुनाला दया आली असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. तिच्या मनात त्या हातांनी वळलेली एकेक गोळी होती आणि दार तोंडावर लावावं असंच तिला वाटत होतं.

"मंग काल काहून बोलली?"

पार्बताबाईनं पदरानं नाक पुसलं. "तू वळखा म्हनलं. इतक्या वर्सांत मले कोनी काही इचारलंच नव्हतं."

आत रात्री मुक्कामाला राहिलेली आशाबाई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. जमुनाच्या डोळ्यांपुढं नत्थुजीचं घर आलं. विझलेली चूल, रिकामी ओसरी, आणि गोळ्या वळायला कोणी नाही. बदल्यात त्या घरातून आणावं असं हिच्याहून मोठं काही नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली. "पन एक आताच सांगून ठेवतो. तुह्यावर माहा राग हाये. तो जानार नाई."

"असू दे," पार्बताबाई म्हणाली, आणि आत येऊन तिनं गाठोडं खाली ठेवलं.