कराचीचं पोर

जपानी बॉम्ब टाकणार म्हणून मुंबईची माणसं ट्रंका घेऊन निघाली, त्या वर्षी गुप्ते मास्तर आमच्या उत्तनला माझ्याकडे बिऱ्हाडाला आले. ते कॉलेजात शिकवत. मागोमाग त्यांचे तीन विद्यार्थी आले, कारण परीक्षा काही जपान्यांना भिऊन पळाली नव्हती. संध्याकाळी माझ्या ओट्यावर त्यांचा वर्ग भरे. मी दुसरी शिकलेली, पण माझ्या ओट्यावर काय चाललंय ते मला कळलंच पाहिजे, म्हणून सुके बोंबील निवडत मी तिथेच बसे.

मास्तर शिकवत काय, तर गावात उठलेली आवई घ्यायची आणि तिच्या पाठी लागायचं. कोणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? पाहिलं किती आणि मनानं जोडलं किती? मी विचारलं, एवढ्यासाठी मुंबईहून आलात? हे आमच्या बाजारात कोळणीही विचारतात. मास्तर हसले.

"विचारतात, मावशी. पण उत्तर येईपर्यंत थांबत नाहीत."

त्याच दिवसांत माझ्या नातीचं, व्हेराचं लग्न ठरलं होतं. आईबाप लहानपणीच गेले, तिला मी वाढवली. मुलगा आमच्या शेजारच्या डोंगरी गावचा रॉक, बोटीवर कामाला, सुट्टीवर आलेला. ईस्टरनंतरचा मुहूर्त. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात आणि कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगा, असं पाद्री विचारतात. दोन रविवार नीट गेले. तिसऱ्याच्या आधी माझी नणंद लूर्डस आली, चेहरा असा की घरात कोणी मेलंय.

"वयनी, रॉकची कराचीला बायको हाय. दोन पोरं हायत."

हे तिला भायंदरच्या बाजारात शकूने सांगितलं होतं. शकूचा नवरा बाळाराम गलबतावरून कराचीला जाई. माझ्या अंगाची आग झाली. आमच्या घरावर कोणी बोट दाखवलं नव्हतं आजवर. पाद्रींना सांगून तिसरा पुकार थांबवायचा, असं मी ठरवून टाकलं. व्हेरा नुसती न जेवता बसून राहिली.

संध्याकाळी ओट्यावर कोठारे नावाचा विद्यार्थी मास्तरांना म्हणाला की ही पण आवईच की. मी त्याला सुनावलं की माझी नात म्हणजे तुझी परीक्षा न्हाय. तेवढ्यात आतून व्हेरा आली.

"आजी, जाऊ दे त्याला. निदान कोणीतरी विचारेल."

कोठारे दुसऱ्या दिवशी भायंदरला जाऊन आला. शकूने म्हणे एकच पोर सांगितलं होतं, दुसरं लूर्डसने रस्त्यात जन्माला घातलं. पण पुढे तो मान खाली घालून म्हणाला की बाळाराम स्वतः भेटला, त्याने रॉकला बायकोपोरासकट डोळ्यांनी पाहिलंय. साक्षीदार मिळाला, बातमी खरी. व्हेरा उठून आत गेली.

मास्तर जागचे हलले नाहीत. "बाळारामला ती बायको आहे हे डोळ्यांनी दिसलं?"

"बाई दिसली, सर."

"मग जोडलेलं काढून टाक आणि नुसतं दिसलेलं सांग."

कोठारेने पुन्हा सांगितलं, या वेळी थांबत थांबत. चर्चचं दार. रॉकच्या हातात तान्हं पोर. पोराला पायाखाली लोंबणारा पांढरा झगा. शेजारी नटलेली बाई, तिच्या हातात मेणबत्ती.

माझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं. अरे, हा तर बाप्तिस्मा! आमच्यात बाळाची आई घरी निजलेली असते, बाळाला चर्चमध्ये नेतात ते धर्मबाप आणि धर्मआई. हे बाळारामला कुठून ठाऊक असणार, आणि कोठारेला तरी कुठून? मी व्हेराला हाक मारायला उठले, तर मास्तर म्हणाले, "मावशी, हेही अजून आपण जोडलेलंच आहे."

राग आला मला. पण खोटं नव्हतं. आणि मग ध्यानात आलं की अख्ख्या गावात रॉकला कोणी विचारलंच नव्हतं, माझ्यासकट.

सकाळी कोठारेला घेऊन मी डोंगरीला गेले. रॉक अर्धी दाढी करून बसलेला. ती पोरगी व्हिक्टरची, म्हणाला, बोटीवरच्या दोस्ताची, आणि मी तिचा धर्मबाप. कोठारे माझ्या कानात पुटपुटला की हा दुसरं काय सांगणार? थोबाडीत द्यावीशी वाटली त्याच्या, पण व्हिक्टरची बायको लढाईमुळे मोरव्याला माहेरी आलेली, तेव्हा तिथेही गेलो. मी काही विचारायच्या आत ती मांडीवरच्या पोरीला म्हणाली, "बघ, तुझ्या धर्मबापाच्या लग्नाचं बोलावणं आलं." कोठारे असा खूश झाला की जसं त्याचंच लग्न.

तिसऱ्या रविवारी पाद्रींनी विचारलं, कोणाला काही ठाऊक आहे का. मी मान वळवून लूर्डसकडे बघत राहिले. ती जपमाळ मोजत होती. मागच्या बाकावर मास्तर आणि तिघे विद्यार्थी ताठ बसलेले. बाहेर पडल्यावर व्हेराने कोठारेच्या हातात तिने तळलेल्या फुग्यांची, म्हणजे आमच्या मैद्याच्या गोल वड्यांची, पुरचुंडी दिली. तो बिचारा जेवणाआधीच संपवून मोकळा.

पुढल्या वर्षी व्हेराला मुलगा झाला. बाप्तिस्म्याला मी शकू-बाळारामला मुद्दाम बोलावलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. व्हेरा घरी निजलेली, पांढऱ्या झग्यातलं बाळ व्हिक्टरच्या हातात, मेणबत्ती व्हिक्टरच्या बायकोच्या, आणि रॉक एका बाजूला उभा.

"काय रं बाळाराम," मी म्हटलं, "पोरगं कुणाचं?"

बाळारामने डोकं खाजवलं. "विचारून सांगतो, माय."