कानबाईला गोरं करणारा आरसा

धरणगावच्या मंगल कार्यालयाबाहेर श्रावणातल्या त्या सकाळी इतक्या चपला पडल्या होत्या, की आत एखाद्या पुढाऱ्याच्या पोराचं लग्न लागतंय असं वाटावं. पण आत ना नवरा होता, ना वरमाई. आत होता पितळी चौकटीतला, झेंडूच्या माळा घातलेला भलामोठा आरसा, आणि त्याच्याशेजारी सिंहासनावर बसलेल्या लावण्यमाता.

सुरतेकडून आलेल्या या मातेचं म्हणणं असं, की पडद्यावर चमकणाऱ्या साऱ्या नट्या आधी तिच्याच पायाशी बसून गेल्या. रीत सोपी होती. बाईने आरशापुढे बसून आपलं नेहमीचं तोंड बघायचं. मग मातेने लेप लावायचा, पुसायचा आणि पुन्हा बघायला सांगायचं. बघावं तर डाग गायब, हनुवटी निमुळती, डोळे टपोरे आणि रंग दुधात बुडवल्यासारखा. बायका थक्क व्हायच्या. घरी जाऊन भिंतीवरच्या साध्या आरशात पाहिलं, की तोंड होतं तसंच. त्यावरही मातेकडे उत्तर तयार होतं.

"आमच्या आरशाला आधी दिसतं, बेटा, कातडीला मागून कळतं. लेप लावत राहा. रूप वाटेत आहे."

ते नेमकं कोणत्या गाडीने येतंय, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

यशोदाबाई तर पुरत्या भुलल्या होत्या. कापसाचं बियाणं घेताना दुकानदाराला घाम फोडणाऱ्या या बाईंची अक्कल लेकीच्या लग्नाचा विषय निघाला, की रजेवर जायची. लेक दिपमाला शिकलेली, हसरी, वर्णाने सावळी. शिरपूरच्या पाहुण्यांनी नकार कळवताना "मुलगी चांगली आहे, पण फोटोत उठून दिसत नाही," असं म्हटलं आणि ते यशोदाबाईंच्या काळजात रुतलं. आता श्रावणात घरोघरी बसणारी कानबाई देवी उठली, म्हणजे तिचं विसर्जन झालं, की दुसरं स्थळ येणार होतं. म्हणून दिपमालाच्या गालांवर सकाळ-संध्याकाळ लेप चढत होता.

"माय, गालनी आग व्हई ऱ्हायनी वं," दिपमाला रडकुंडीला येऊन म्हणाली.

"व्हऊ दे. काळं निंघी ऱ्हायनं."

शेजारच्या ज्योत्स्ना मॅडम मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी डबी उलटीपालटी करून पाहिली. "यशोदाअक्का, यावर ना नाव, ना गाव. पोरीची कातडी सोलून निघतेय. बंद करा हे."

"तुम्हीन शिकेल शेतस, मॅडम. पन मी आरसामा मन्हा डोयाघाई देखं." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगून यशोदाबाईंनी विषय तिथेच मिटवला.

सोमवारी कानबाई विसर्जनाला निघाली. यशोदाबाईंच्या घरची कानबाई म्हणजे आजेसासूच्याही आधीपासून जपलेला नारळ. तेल-कुंकू पिऊन काळाभोर झालेला, त्यावर चांदीचे डोळे आणि भली थोरली नथ. शृंगार झाला की देवीला आरसा दाखवायचा, ही घरची रीत. डोक्यावर कानबाई, पुढे डफ, मागे गाणाऱ्या बायका अशी मिरवणूक कार्यालयासमोर आली आणि यशोदाबाईंच्या मनात आलं, एवढा सिद्ध आरसा असताना देवीला घरचा हातभर तुकडा का दाखवावा? त्या थेट आत वळल्या.

मातेचा भाचा कुंदन दारात आडवा आला. "मावशी, रांग आहे. लेपाशिवाय आरसा नाही."

पण खान्देशात कानबाईची वाट अडवून कुणी धड घरी जात नाही. बायकांचा लोंढा पाहून तो आपसूक बाजूला झाला आणि हात जोडून उभा राहिला. त्या गडबडीत एक काम त्याच्याकडून राहून गेलं.

यशोदाबाईंनी कानबाई आरशासमोर धरली. गाणं थांबलं. आरशातला नारळ गोरापान झाला होता. चांदीचे डोळे फुगले होते, खालचा भाग निमुळता झाला होता आणि जिथे ओठ नव्हतेच, तिथे गुलाबी ओठ उमटले होते.

"बघा, देवीलाही तेज चढलं," माता घाईघाईने म्हणाली.

"हाई आमनी कानबाई नही शे," यशोदाबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "नारयले कोनी लेप लावा?"

कुंदनने घाबरून खिशात हात घातला. दुसऱ्याच क्षणी आरशातला नारळ पुन्हा काळाभोर झाला.

"खिशात काय आहे, दाखव," ज्योत्स्ना मॅडम मिरवणुकीतून पुढे आल्या. खिशातून चिमुकला रिमोट निघाला. माळ बाजूला केली तर मागे कॅमेरा होता आणि आरसा म्हणजे साधा स्क्रीन. लेपाआधी बटण बंद, लेपानंतर चालू; कानबाई आली तेव्हा गडबडीत ते बंद करायचं राहून गेलं होतं. मॅडमनी स्वतः समोर उभं राहून बटण दाबलं आणि लेप न लावताच त्या आरशात क्षणात नटी झाल्या. बायका हसून हसून बेजार झाल्या. पोलीस येईपर्यंत मातेला तिथून हलू दिलं नाही.

"तुमच्या मोबाईलमधलं फिल्टर हेच करतं," मॅडम म्हणाल्या. "जाहिरातीतल्या बाईचेही गाल असेच घोटून गुळगुळीत करतात. घरी उठल्यावर ती स्वतःसुद्धा तशी दिसत नाही. डोळ्यांनी पाहिलं एवढं पुरत नाही, बायांनो. लेप न लावता काय दिसतं, तेही पाहायला हवं."

जळगावच्या डॉक्टरांनी लेप घातक असल्याचं सांगितलं. गाल बरे व्हायला वेळ लागला, आणि ते सावळेच झाले. नवं स्थळ जुळलं का, हे विचारणाऱ्यांना यशोदाबाई आता एवढंच सांगतात, की पोरगी आधी परीक्षा देतेय, पाहुण्यांनी थांबावं. पण विसर्जनाच्या त्या दिवशी घरी येऊन त्यांनी लेकीचा सुजलेला गाल पाहिला आणि त्या ढसाढसा रडल्या.

"ज्या आरसाले कानबाईमा खोट दिसनी," त्या म्हणाल्या, "त्याले मन्ही पोरमा दिसनारच. मी कसाले त्याले इचारं?"