मोडलेली बोटं

पहिल्याच ठोशात इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या वनीसचं नाक फुटलं. रक्त कीबोर्डवर सांडलं.

"चालू कर," सालिहीन म्हणाला. त्रिपोलीच्या त्या इस्पितळाच्या फाटकावर त्याची टोळी बसायची. आत कोणाला सोडायचं तेही तीच ठरवायची. आज त्याचाच धाकटा भाऊ फरज पोटात गोळी घेऊन वरच्या मजल्यावर टेबलावर पडला होता. स्कॅन काढून झाला होता, पण डॉक्टरांच्या पडद्यावर उमटत नव्हता. गोळी कुठे रुतलीय ते कळल्याशिवाय कापायचं कुठे?

"बंद नाहीये, कमांडरसाहेब," वनीस म्हणाला. इस्पितळाचा सगळा डेटा तीन यंत्रांवर होता. त्या तिन्हींचा कारभार पाहणारा सर्व्हर त्यानं सकाळीच नवा केला होता. आता एकेक यंत्र बंद करायचं, नवं करायचं, आणि उरलेल्या दोघांनी त्यात डेटाची नक्कल भरून द्यायची; तिसऱ्याची पाळी चालू होती. "भरणं चाललंय, म्हणून बाकीचं रांगतंय. भरणं थांबवतो, चित्र लगेच येईल."

"शत्रूच्या बेनगाझीचं पिल्लू आहे हे," सालिहीनचा उजवा हात हमूदा मागून म्हणाला. "याच्याच लोकांनी फरजला गोळी घातली. आता हा वेळ काढतोय."

तेवढं पुरलं. हमूदानं वनीसला खाली पाडलं, दोन्ही पंजे फरशीवर दाबले आणि बंदुकीच्या दस्त्यानं ठेचले. पंख्यांच्या घरघरीतही हाडं मोडल्याचं ऐकू आलं. वनीस ओरडला, मग ओकला.

"हं. थांबव आता भरणं," सालिहीन म्हणाला.

वनीसनं हात वर केले. बोटं भलतीकडेच लोंबत होती. "कशानं थांबवू? तुझ्या आजीच्या बोटांनी?"

सालिहीन स्वतः खुर्चीत बसला. पडद्याला तोवर आपोआप कुलूप लागलं होतं. वनीस पासवर्डचं एकेक अक्षर सांगायचा, सालिहीन एका बोटानं शोधायचा. शाळा सोडून बंदूक उचललेला माणूस. इंग्रजी अक्षरं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. चुकलं. पुन्हा चुकलं.

"सावकाश, गाढवा," वनीस फरशीवरून म्हणाला. आता भ्यायचं कशाला? "अजून एकदा चुकलास तर अर्धा तास हे कुलूप उघडायचं नाही."

सालिहीननं पुन्हा एकेक अक्षर दाबलं. चुकलं.

थोड्या वेळानं नर्स दारात आली. "फरज गेला," म्हणाली.

सालिहीननं पिस्तूल काढलं. पहिली गोळी हमूदाला घातली, दुसरी वनीसला. न्याय म्हणून त्याला एवढंच येत होतं.

पुढे कोणी हात न लावता तिसरं यंत्र भरून झालं. वरच्या पडद्यावर फरजचं पोट लख्ख उमटलं. गोळी मणक्याच्या डावीकडे होती, फार खोल नव्हती.